आजोबांच्या गळ्यातला पट्टा

कसारा हे मुंबईच्या लोकलचं शेवटचं स्टेशन. पुढे घाट. इथे लोकल रिकामी होते, मेलगाड्यांना ढकलायला मागून जादा इंजिनं लागतात आणि रात्री उशिरा उतरलेले लोक नाशिककडे जाणारी जीप शोधत महामार्गावर येतात. २००९ च्या उन्हाळ्यात या स्टेशनाजवळून एक पोक्त नर बिबट्या गेला. माळशेजकडून निघालेला, मुंबईच्या दिशेने. आपल्याला हे ठाऊक आहे, कारण त्याच्या गळ्यात पट्टा होता आणि पट्ट्यात मोबाइलसारखं यंत्र होतं. ते यंत्र उपग्रहाला विचारून जागा टिपायचं आणि रेंज मिळाली की संशोधकांना संदेश धाडायचं.

हा बिबट्या म्हणजे आजोबा. पुढे २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी याच नावाचा चित्रपट काढला, त्यात ऊर्मिला मातोंडकर होत्या. त्यामुळे नाव घरोघरी झालं. गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात एवढीच राहिली, की एक बिबट्या चालत चालत मुंबईला आला. ज्या मुलखातून तो चालला त्याचं नाव गोष्टीत फारसं येत नाही. माळशेज उतरलं की टोकावडे, मग मुरबाड. उत्तरेला किन्हवली, शेणवे, डोळखांब, भातसा धरण, खर्डी, कसारा. पश्चिमेला माहुली आणि तानसाचं रान. ठाणे जिल्ह्याचे मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके मुंबईला पाणी देतात, भाजी देतात, वीटभट्टीवर आणि बांधकामावर माणसं देतात. बिबट्यालाही त्यांनी वाट दिली. त्यासाठी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. खरं तर बिबट्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

हा लेख या न विचारण्याबद्दल आहे.

आजोबा मिळाला नगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला, एका विहिरीत. कठडा नसलेल्या विहिरी हा आपल्याकडे बिबट्यांचा जुना वैरी. वर काढल्यावर वनखात्यापुढे नेहमीचा प्रश्न आला, सोडायचा कुठे? गाव म्हणतं, लांब न्या. वरिष्ठ म्हणतात, जंगलात सोडा. गावापासून सुमारे ५२ किलोमीटरवरचा माळशेज घाट ठरला. या वेळी वेगळं एवढंच, की वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या गटाने नॉर्वेतल्या संशोधकांच्या साथीने सोडण्याआधी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली घातली.

पट्टा बांधणं म्हणजे काय, हे एकदा नीट पाहायला हवं. आधी भुलीचं इंजेक्शन. बंदुकीने किंवा फुंकनळीने सुई मारायची. वजनाचा अंदाज चुकला तर डोस चुकतो. कमी पडला तर अर्धवट शुद्धीतलं जनावर उठतं, जास्त झाला तर श्वास मंदावतो. मग डोळ्यांवर फडकं, कारण भुलीत पापण्या मिटत नाहीत. गुदद्वारात थर्मामीटर. उन्हाळा असेल तर अंगावर ओलं कापड. दात पाहून वयाचा अंदाज, रक्ताचा नमुना, वजन, मापं. मानेभोवती पट्टा असा आवळायचा, की दोन बोटं आत जातील पण डोकं बाहेर निघणार नाही. मग उतारा देऊन सगळ्यांनी मागे सरायचं. तासाभराचं काम. त्या तासात एका रानटी जिवाचं सगळं काही माणसाच्या हातात असतं. हे काम करणारी माणसं क्रूर नसतात. उलट आपला श्वास धरून ती त्याचा श्वास मोजत असतात. पण जनावराला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी त्याला पकडलेलं असतं.

कायद्याच्याही लेखी हे तेच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात शिकारीची व्याख्या केली आहे आणि मारण्याच्या बरोबरीने पकडणंही त्या व्याख्येत बसवलं आहे. म्हणजे संशोधकाने बिबट्याला भूल देणं ही कायद्याच्या भाषेत शिकारच. फक्त कलम १२ खाली तिला परवाना मिळतो. शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, वैज्ञानिक व्यवस्थापन असं कारण लेखी द्यायचं, मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घ्यायची आणि बिबट्यासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर केंद्र सरकारचीही. मला ही कायद्याची भाषा आवडते. ती गोड बोलत नाही. 'अभ्यासासाठी हाताळणी' असं काही म्हणत नाही. शिकार म्हणते आणि मग विचारते, कशासाठी?

आजोबाच्या बाबतीत या 'कशासाठी'ला भक्कम उत्तर होतं. ते समजायला आठेक वर्षं मागे, घाटाच्या वरच्या अंगाला जुन्नरला जावं लागतं. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागाने उसाच्या पट्ट्यातले बिबटे पिंजरे लावून धरायला आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. माणसं वाचावीत, बिबटेही वाचावेत. असे २९ बिबटे सरासरी ४० किलोमीटर लांब नेले. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, तिथे वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी १७ झाली. हल्ल्यात माणूस दगावण्याचं प्रमाण १८ टक्के होतं, ते ३६ टक्के झालं. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. पिंजऱ्यात अडकलेलं, दात मोडेतो गजांशी झटलेलं, अनोळखी रानात सोडलेलं जनावर कुठे जातं, काय करतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. सोडला म्हणजे सुटला, अशी समजूत होती. ती तपासायची तर एकाला तरी मागून पाहत जाणं भाग होतं, आणि पाठलाग न करता हे जमणार ते पट्ट्यानेच.

पट्ट्याने जे सांगितलं ते असं. माळशेजच्या रानात आजोबा राहिला नाही. तो निघाला. सरळ रेषेत मोजलं तर ३७ दिवसांत ८९ किलोमीटर. वाटेची वळणं धरून सांगताना लोक १२० म्हणतात. कसाऱ्याजवळून गेला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या बाजूच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून गेला, खाडी पोहून पार केली आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोचला. तिथे सुमारे ४२ चौरस किलोमीटरमध्ये स्थिरावला. त्याचं मूळ घर तेच असावं, कधीतरी तिथूनच त्याला कुणी उचलून नेलं असावं, असा तर्क पुढे झाला. तो खरा असो वा नसो, वाट चुकलेलं जनावर असं एका दिशेने चालत नाही.

आजोबा धरून एकूण पाच बिबट्यांचा हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. चार महाराष्ट्रातले, एक हिमाचलातला. लांब नेऊन सोडलेली एक मादीही अशीच निघाली होती. पाच महिन्यांत ४५ किलोमीटर. जे पकडल्या जागेजवळच सोडले ते मात्र ८ ते १५ चौरस किलोमीटरच्या आपल्या जुन्या हद्दीत गुपचूप राहिले. पाचांचं मिळून पाहिलं तर रात्री तासाला सरासरी ३३९ मीटर चाल आणि दिवसा ६०. दाट वस्तीतल्या तिघांच्या रात्रीच्या नोंदींपैकी २० टक्के घरापासून २५ मीटरच्या आतल्या होत्या. दिवसाच्या फक्त एक टक्का.

पंचवीस मीटर म्हणजे आपल्याकडे ओटीपासून गोठ्यापर्यंतचं अंतर. मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर हा आकडा सांगून पाहा, कुणी दचकणार नाही. बिबट्या येतो हे त्यांना माहीत आहेच. कुत्रं गेलं की कळतं. इथली जुनी माणसं त्याला वाघच म्हणतात आणि रात्री त्याचं नाव घेताना जपून घेतात. ठाणे, पालघर, मुंबई उपनगर या भागात वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी संशोधकांनी नोंदली आहेत. शेंदूर लावलेला दगड, कुठे लाकडी फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. दिवाळीचा पहिला दिवस आपण शहरात वसुबारस म्हणून गाई-वासराला देतो. इथल्या ठाकर, महादेव कोळी, वारली वस्त्यांमध्ये त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी वाघोबाला नारळ ठेवतात, कोंबडं देतात आणि साधा व्यवहार मांडतात. गुरांना राख, तुझा मान तुला मिळेल. नुकसान होतच नाही असं त्यांचं म्हणणं नसतं. ते काही मर्यादेत राहावं, एवढाच करार. आपल्या भाषेने वाघाच्या नावापुढे 'बा' लावला, तो असा भीतभीत आणि आदराने. संशोधकांनी या बिबट्याला आजोबा म्हटलं ते त्याचं वय आणि शांतपणा पाहून, पण नाव नकळत या जुन्या नात्यात जाऊन बसलं.

आता पेच. पट्ट्याकडे जी माहिती होती ती गावाला द्यायला हवी होती का? आज रात्री तुमच्या शिवारात आहे, पोरांना बाहेर सोडू नका, असं सांगायला नको का? सरळ मनाने उत्तर हो असंच येतं. पण सांगितल्यावर काय होतं, हेही आपण पाहिलं आहे. शंभर माणसं काठ्या घेऊन निघतात, मोबाइलवर चित्रण सुरू होतं, जनावर कोंडलं जातं आणि कोंडलेलं जनावर हल्ला करतं. शिवाय ती माहिती दुसऱ्याच कुणाच्या हाती लागली तर? २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना इथल्या एका वाघाच्या पट्ट्याचे संदेश ज्या ईमेल खात्यात येत, ते खातं उघडायचा प्रयत्न झाला. प्रयत्न झाला तो पुण्यातून. तो फसला. पण जो पट्टा संशोधकाला वाघ दाखवतो तो शिकाऱ्यालाही दाखवू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

म्हणून रोजची जागा लपवणं मला पटतं. पटत नाही ते पुढचं. अभ्यास संपला, निबंध परदेशी नियतकालिकात इंग्रजीत छापून आला, त्यावर भाषणं झाली, चित्रपटही निघाला. पण ज्यांच्या गोठ्यामागून हा पट्टा गेला त्या गावांत, त्यांच्या भाषेत, आजोबाच्या चालीची रेघ हक्काने लावलेली मला कुठे दिसली नाही. शाळेच्या भिंतीवर नाही, ग्रामपंचायतीत नाही. तुमच्या अंगणातून हा असा गेला, इतक्या रात्री गेला आणि कुणाला धक्का लावला नाही, असं त्यांना सांगणं हा आभाराचा किमान भाग होता. एकट्या या अभ्यासाला मी दोष देत नाही, त्या गटाने लोकांशी बोलण्याचं काम इतरांपेक्षा पुष्कळ जास्त केलं आहे. ही आपल्या साऱ्या संशोधनाचीच सवय आहे. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांचंही तसंच. वाघासाठी लावलेला कॅमेरा लाकूडफाट्याला गेलेल्या बाईचाही फोटो काढतो. कॉर्बेटच्या जंगलालगतच्या बायका या कॅमेऱ्यांपायी रानात गाणंबोलणंही टाळू लागल्या, असं २०२४ मधल्या एका अभ्यासात नोंदलं आहे. तानसाच्या रानात मोळीला जाणाऱ्या कातकरी बाईला कुणी विचारलं आहे का, तुझा फोटो कुठे जातो ते?

तानसाचं नाव निघालं, तर थोडं आडवळण घेतो. या रानात बिबट्याहून कितीतरी दुर्मिळ एक जीव आहे. रानपिंगळा. मुठीएवढं घुबड, पण दिवसा वावरणारं. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षितज्ज्ञाने त्याची नोंद केली. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने काही पक्षी मारले, त्यांची कातडी पुढे लंडनच्या संग्रहालयात गेली. त्या काळी दुर्मिळ पक्षी पाहिला याचा पुरावा म्हणजे तो मारणं. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. नंतर कर्नल माइनर्त्सहागन नावाच्या नामांकित पक्षितज्ज्ञाने दावा केला, की १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ त्याने एक मिळवला. लोक तिथे शोधत राहिले. पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा उघड झालं, की कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचा पक्षी संग्रहालयातून चोरून, पुन्हा भुसा भरून, नवी चिठ्ठी लावली होती. मांडवीचा दावा बाजूला सारून रासमुसेन आणि सहकारी जुन्या खऱ्या जागांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी. शहापूर तालुक्यातल्या तानसा अभयारण्यात तो २०१४ मध्ये सुनील लाड यांना दिसला. पश्चिम घाटाच्या या भागात तो असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

या वेळी पक्षी मेला नाही. फोटो निघाला. पण मागोमाग फोटोवाले आले. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला की हद्दीत परका नर आला असं समजून रानपिंगळा धावून येतो, उघड्या फांदीवर बसतो. छान फोटो मिळतो. विणीच्या दिवसांत असं दिवसातून चारदा झालं तर तो घरट्याकडे कधी बघणार? याच्या अंगावर यंत्र बसवायचं तर वजनाच्या तीन टक्क्यांहून जड नको, असा पक्ष्यांसाठी सर्वसाधारण दंडक आहे. अडीचशे ग्रॅमच्या आसपासच्या या पक्ष्याला म्हणजे सात ग्रॅम. तीन टक्के ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण साठ किलोच्या माणसाने पावणेदोन किलोची पिशवी गळ्यात अडकवून वर्षभर फिरावं, झोपावं, पोरं वाढवावीत, तसं ते आहे. विज्ञानाने बंदूक खाली ठेवली हे खरं. पण हात अजून काढून घेतलेला नाही, आणि खोटं बोलायचं झालं तर ते कर्नलाला जमलं तसं आजही कुणाला जमेल. पक्ष्यावर झालेला अन्याय मग दुप्पट होतो. एकदा त्याचा जीव जातो आणि वर त्या जिवाच्या बदल्यात मिळालेली माहितीही खोटी निघते.

पट्टा जीवही घेऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात तेजस आणि सूरज हे आफ्रिकेतून आणलेले चित्ते काही दिवसांच्या अंतराने मेले. पावसाळा, पट्ट्याखाली ओल, कातडीला जखम, जखमेत अळ्या, मग रक्तात विष. आफ्रिकेतल्या कोरड्या हवेत चाललेला पट्टा आपल्या आषाढात चालला नाही. सुरुवातीला अधिकाऱ्यांनी पट्ट्याचा संबंध नाकारला, नंतर बाकीच्या चित्त्यांना पकडून तपासून पट्टे काढावे लागले. मुरबाड-शहापुरात पावसाळा किती पडतो हे भाताच्या खाचरात उभं राहिलेल्या कुणालाही विचारावं.

दुसरी बाजूही आहे. यवतमाळच्या टिपेश्वरमधला तरुण वाघ २०१९ मध्ये पट्टा घेऊन निघाला आणि शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात राहिला. पट्टा नसता तर विदर्भ-मराठवाड्याच्या कापसा-तुरीतून वाघ असा जाऊ शकतो, हे कुणी मानलं नसतं. २०२० मध्ये त्याचा पट्टा काढून घेतला. काढून घेण्याचीही तेवढीच काळजी असायला हवी, असं मला वाटतं. बांधताना माणसं जमतात, काढताना निधी संपलेला असतो.

तर पट्टा बांधावा की नाही? विष्ठेवरून, ठशांवरून, कॅमेऱ्यावरून कळणार असेल तर बांधू नये. अकोले तालुक्यात अत्रेय यांच्याच गटाने कॅमेरे लावून दाखवलं, की जंगल नसलेल्या शेतशिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच बिबटे राहतात. विष्ठेवरून कळलं की त्यांचं सर्वांत मोठं खाणं कुत्री आहेत. यातल्या एकाही उत्तरासाठी कुणाला भूल द्यावी लागली नाही. पण सोडलेला बिबट्या कुठे जातो, हा प्रश्न तसा सुटणारा नव्हता. तिथे पट्टा हवा होता आणि तो बांधला हे योग्यच झालं, असं माझं मत आहे. मात्र एक अट. पट्टा ही उधारी आहे. जनावराच्या मानेवर काढलेली. ती निबंधाने फिटत नाही. पट्ट्याने जे सांगितलं त्याप्रमाणे आपण वागलो तरच फिटते.

आपण कसे वागलो? लांब नेऊन सोडल्याने प्रश्न सुटत नाही, हे आकड्यांनिशी कळून इतकी वर्षं झाली. तरी गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची आणि दुसरी, लांब नेऊन सोडण्याची. पुढारी ती करतात, खात्यावर दबाव येतो आणि पिंजरा लागतो. त्यात अडकलेला बिबट्या तोच असतो का, हेही कित्येकदा कुणाला ठाऊक नसतं.

आणि रस्ते. आजोबाने पायाने आखून दिलेली रेघ २००९ पासून हातात आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला, इगतपुरी ते आमणे, ७६ किलोमीटर. तो शहापूर तालुक्यातून जातो. कसाऱ्याच्या डोंगराखाली सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे, दऱ्यांवर उंच पूल आहेत. तिथे वरून किंवा खालून जनावराला जाता येईल. उरलेल्या सपाटीवर दोन्ही बाजूंना कुंपण. मुंबई-आग्रा महामार्ग तर जुनाच आहे.

डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर एक नर बिबट्या वाहनाच्या धडकेने मेलेला सापडला. कातडीखालची चिप वाचली तेव्हा कळलं, हा आजोबा. आग्रा महामार्ग, रेल्वे, खाडी हे सगळं ओलांडून आलेलं जनावर घराच्या दारात एका रस्त्यावर गेलं. ज्याची वाट आपण एवढी निरखली, तो मेला ते आपल्याला सर्वांत जास्त माहीत असलेल्या धोक्याने.

मुरबाड आणि शहापूरच्या पंचायत समित्यांना, वनखात्याला आणि रस्ते बांधणाऱ्या महामंडळाला एक विनंती. आजोबाच्या चालीचा तो नकाशा मराठीत छापा. एक प्रत माळशेजपासून तानसापर्यंतच्या प्रत्येक शाळेत लावा, एक नव्या रस्त्याच्या प्रत्येक फायलीत. यंदा वाघबारशीला लावलात तर उत्तम.